मावशीच्या चिठ्ठ्या

फार पूर्वी, जंगलाने नुकतीच वेबसाइट काढली होती तेव्हाची गोष्ट. हत्तीणमावशी प्रत्येक पान दाबून लहान करी आणि वर वाचणाऱ्याच्या फोनसाठी चिठ्ठी लावी, "उलगडून दाखवा." पानं ज्या नाक्यावरून पुढे जात, तिथल्या माकडाला चिठ्ठ्या म्हणजे कचरा वाटे. ते त्या काढूनच पान पुढे सोडी.

पुराच्या इशाऱ्याचं पान सशाने फोनवर उघडलं, तर नुसती अगम्य चिन्हं. "मावशी, यात वाचू काय?" तो कळवळला. लगेच समिती बसली. विद्वान कोल्ह्याने तोडगा काढला, पान आणखी दाबा.

मावशी तरातरा नाक्यावर गेली. "माझ्या चिठ्ठ्या कुठायत रे?"

माकडाने अभिमानाने पोतं उघडलं. "एकसुद्धा हरवलेली नाही, मावशी!"

पूर ओसरल्यावर माकडाला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं. टाळ्या वाजवायला ससा नव्हता.