आधी गावात, मग दरबारात

फार फार पूर्वी, डोंगरांनी भरलेल्या एका राज्यात राजाला एक काळजी लागली. महालाच्या सज्ज्यातून हिरवागार दिसणारा डोंगर आता ठिकठिकाणी उघडा पडू लागला होता. त्या राज्यात सगळं लाकडावर चालत असे. चूल लाकडावर, मडकी भाजायचा कुंभाराचा आवा लाकडावर, लोहाराला लागणारा कोळसाही लाकडाचाच. जंगल संपलं तर घराघरातला विस्तव विझणार, हे सांगायला ज्योतिषाची गरज नव्हती.

दरबारात कोणी म्हणालं, कुंभार फार लाकूड जाळतात. कोणी म्हणालं, धनगरांच्या शेळ्या रान खातात. राजाने सगळ्यांचं ऐकलं आणि कालिंदी नावाच्या विदुषीला बोलावून घेतलं. झाडं, माती आणि पाणी यांचा तिचा अभ्यास मोठा होता. जंगल कशाने सरतं आहे ते शोध आणि मला येऊन सांग, असं त्याने तिला सांगितलं.

कालिंदी डोंगराच्या पायथ्याशी, कुंभारांच्या गावात जाऊन राहिली. वर माथ्याजवळ धनगरांची वस्ती होती. दोन्हीकडे ती लोकांना विचारत फिरे. लोक अदबीने उत्तरं देत, पण ती खरी नसत. आम्ही आवा क्वचितच लावतो, असं कुंभार सांगत, आणि त्यांच्या घरामागे राखेचे ढीग असत. आमच्या शेळ्या मोजक्याच आहेत, असं धनगर सांगत, आणि टेकाडापलीकडून मोठ्या कळपाच्या घंटा ऐकू येत.

लोक असे का वागत? कारण विचारायला येणारी कालिंदी पहिलीच नव्हती. मागे दरबारातून आलेल्या एकाने कुरणाची चौकशी केली होती, आणि पुढे ते कुरण राजाच्या शिकारीसाठी राखलं गेलं. एकाने चांगली माती कुठे मिळते ते विचारलं होतं, आणि ती खाण दुसऱ्यांना दिली गेली. विचारून गेलेल्या माणसाने काय ठरवलं, हे लोकांना नेहमी हातचं गेल्यावरच कळे.

पावसाळ्यात कालिंदीला ताप भरला. ती ठकूआई नावाच्या म्हाताऱ्या कुंभारणीच्या घरी उतरली होती. ठकूआई एकटीच राहत असे. सगळं रान भिजलेलं, कोरडं सरपण मिळेना. तेव्हा आव्यासाठी जपून ठेवलेली लाकडं ठकूआईने चुलीत घातली आणि खोली उबदार ठेवली. काढा केला, पेज भरवली. धनगरांच्या वस्तीचा म्होरक्या धुळाजी निसरड्या वाटेने रोज शेळीचं दूध घेऊन खाली येई. त्याला कोणी निरोप धाडला नव्हता.

उठून बसता आल्यावर कालिंदी म्हणाली, "ठकूआई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले, पोरी? घरात आजारी माणूस असलं की हे करायचंच असतं," ठकूआई म्हणाली. "पण मनात असेलच तर एक कर. इथे विचारायला पुष्कळ जण आले, सांगायला परत कोणी आलं नाही. तुला जे कळेल ते आम्हाला सांगून जा."

कालिंदीने शब्द दिला. ही गोष्ट गावात आणि वस्तीवर पसरली, तशी माणसं हळूहळू मोकळी बोलू लागली. कालिंदी बायकांबरोबर मोळ्या आणायला गेली. आव्यांपाशी बसली. कळपामागून हिंडली. लाकडाच्या गाड्या कुठे जातात ते पाहायला त्यांच्या मागोमाग पार राजधानीपर्यंत चालत गेली. पुन्हा पावसाळा जवळ आला तोवर तिला सगळं उमगलं होतं, आणि त्यामुळे ती बेचैन झाली होती.

तेवढ्यात राजाचा दूत आला. महाराज वाट पाहत आहेत, आताच निघायचं आहे, असं तो म्हणाला. कालिंदीला क्षणभर वाटलं, हेच बरं झालं. ज्यांनी आपल्याला दूध पाजलं त्यांच्या तोंडावर त्यांच्या चुका सांगाव्या लागणार नाहीत. मग तिची नजर दारात माती मळणाऱ्या ठकूआईकडे गेली. तिने दूताला थांबायला सांगितलं आणि दोन्हीकडच्या लोकांना देवळासमोर बोलावलं.

तिने जे पाहिलं ते सांगितलं. चुलींना लागतं ते वाळलेलं, पडलेलं लाकूड. त्याने जंगल सरत नाही. पण कुंभारांचे आवे घरोघर वेगळे लागतात आणि बहुतेक अर्धेच भरलेले असतात. अर्धा असो की भरलेला, लाकूड जवळजवळ तेवढंच जळतं.

एक कुंभार उठून म्हणाला, "आम्ही तुम्हाला मरणाच्या दारातून आणलं, आणि तुम्ही आमच्यावरच ठपका ठेवता?"

"तुम्ही मला जगवलं, म्हणूनच तुमच्याशी खोटं बोलवत नाही," कालिंदी म्हणाली. "दरबारात जे बोलणार आहे, त्यातला एकही शब्द तुमच्यापासून लपवणार नाही."

मग तिने शेळ्यांचं सांगितलं. नव्या तोडीवर, म्हणजे नुकती झाडं तोडलेल्या उतरणीवर, शेळ्या चरतात, खुंटांना फुटलेले धुमारे खातात, आणि मग ते खुंट वाळतात. धुळाजीने मान खाली घातली. शेवटी तिने सांगितलं की सर्वांत जास्त लाकूड किल्ल्याच्या नव्या तटासाठी लावलेल्या राजाच्या चुनाभट्ट्या खातात, आणि त्यासाठी उभी झाडं पडतात. हेही आपण असंच सांगणार, असं ती म्हणाली.

मग धुळाजी म्हणाला, धुमारे शेळीचं तोंड पोचणार नाही इतके वर जाईपर्यंत उतरणीचा तो भाग आम्ही सोडून देतो. कुंभारांचं मात्र लवकर जमेना. दुसऱ्याच्या आव्यात आपली मडकी फुटली तर काय, यावर दुपारभर वाद झाला. अखेर प्रत्येकाने आपल्या मडक्यावर खूण करायची आणि मोठा आवा मिळून लावायचा, असं ठरलं. तेव्हा कुठे कालिंदी घोड्यावर बसली.

आधी गावात सभा झाली हे कळताच राजा रागावला. "माझं अन्न खाऊन शोध घेतलास, आणि आधी त्यांना सांगितलास?"

"महाराज, अन्न आपलं होतं," कालिंदी म्हणाली. "पण त्यांनी सांगितलं म्हणून मला कळलं. आणि जंगलात रोज पाऊल ठेवणारे तेच आहेत."

मग तिने चुनाभट्ट्यांचंही सांगितलं. राजाने खालच्या आवाजात विचारलं, स्वतःच्या चुका ऐकून ती माणसं काय म्हणाली? त्यांनी काय काय ठरवलं ते कालिंदीने सांगितलं. राजा उठून सज्ज्यात गेला आणि त्याने उघड्या पडलेल्या डोंगराकडे पाहिलं. पोटासाठी राबणारी माणसं आपली रीत बदलतात, तर माझा तट थांबायला काय हरकत आहे, असं तो म्हणाला. भट्ट्या विझवल्या गेल्या. शिवाय, यापुढे जो कोणी एखाद्या गावातून माहिती घेईल त्याने ती त्या गावाला सांगितल्याशिवाय दरबारात येऊ नये, असा हुकूम निघाला.

काही पावसाळे गेले. सोडलेल्या उतरणीवर खुंटांतून झाडं उभी राहिली. कालिंदी भेटायला आली तेव्हा ठकूआईची दृष्टी गेली होती. कालिंदीने तिचा हात धरून तिला उतरणीवर नेलं आणि तो एका कोवळ्या खोडावर ठेवला. ठकूआईने खोड चाचपलं. मग उंची कळावी म्हणून ती हात वर नेत राहिली, पण शेंडा हाती लागेना.

"केवढं झालंय गं," ती म्हणाली. "तुझे उपकार झाले, पोरी."

कालिंदीने खाली वाकून तिच्या मातीने चिरा पडलेल्या पायांना हात लावला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: ज्यांच्याकडून आपल्याला ज्ञान मिळालं, त्यांना ते खरेपणाने परत नेऊन सांगणं हीच त्यांच्याविषयीची खरी कृतज्ञता.