खानोलकर मॅडमचा हात

"मग मॅडम, मी कॅप्टन व्हायला तयार आहे, असं कंपनीला कळवणार ना तुम्ही?"

ईशान बोंद्रेनं हे विचारलं तेव्हा विमान ढगांच्या बरंच वर होतं. कॅप्टन सुलभा खानोलकर डाव्या खुर्चीत, तो उजव्या. तिचा होकार मिळाला की त्यालाही डावी खुर्ची मिळणार होती.

"घाई कसली?" ती म्हणाली.

"घाई नाही. पण माझ्याइतका चपळ कुणी पाहिलात?"

ती हसली. पोरगा चपळ होता, हे खरंच. ते दिवसातून दोनदा सांगायचा, हेही खरं.

तेवढ्यात घंटी वाजली. समोर लाल अक्षरं उमटली. उजव्या इंजिनातल्या तेलाचा दाब उतरला होता, आणि उतरतच होता.

ईशाननं ती मोठ्यानं वाचली. इंजिन बंद करायचे टप्पे त्याला तोंडपाठ होते. त्यानं ते धडाधड म्हणायला सुरुवात केली.

वैमानिकांची एक रीत आहे. इंजिनाचा दांडा एकानं धरायचा, दुसऱ्यानं तो बघून 'हो' म्हणायचं. मगच दांडा मागे ओढायचा.

खानोलकरबाईंनी दांड्यावर हात ठेवला.

"हाच ना?"

"हो मॅडम!" ईशान म्हणाला. नजर पुढच्या टप्प्यावर.

हात हलला नाही.

"हाच?"

"हो, हो. ओढा."

इतका वेळ का लागतोय म्हणून त्यानं मान वळवली. हात डाव्या दांड्यावर होता. धडधाकट इंजिनाच्या.

मागे दीडशे माणसं बसली होती.

"नाही... मॅडम, नाही. उजवा."

"बघून सांगतोयस?"

"बघून सांगतोय."

तिनं हात उचलून उजव्या दांड्यावर ठेवला. आता त्यानं बोट टेकवून पाहिलं, मग 'हो' म्हणाला. दांडा मागे आला. इंजिन शांत झालं.

मागून हवाईसुंदरी नसीमानं फोनवर विचारलं, प्रवाशांना काय सांगू?

"नागपूरला उतरतोय म्हणून सांग. आणि चहाच्या गाड्या आवर," मॅडम म्हणाल्या. आवाज रोजचाच होता.

एका इंजिनावर विमान नीट उतरलं. माणसं कुरकुरत, फोन कानाला लावत निघून गेली.

खाली उतरल्यावर ईशान बराच वेळ त्या उजव्या इंजिनाकडे बघत उभा राहिला.

"मॅडम, एक विचारू? तुमचा हात चुकला होता, की माझी परीक्षा घेत होतात?"

"तू 'हो' का म्हणालास?"

"तुमचा हात होता म्हणून. तुम्ही कधी चुकत नाही."

तिनं थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतला आणि सावकाश प्यायली. तो उत्तराची वाट बघत राहिला.

त्याला भरून आलं. विमानाखालच्या सगळ्या कामगारांच्या देखत तो तिच्या पायाशी वाकला.

ती दोन पावलं मागे सरली.

"पाय राहू देत रे. उद्या पुन्हा माझ्याच शेजारी बस. हाताकडे बघायला."