हौसाची बनेटी

या, सरका जवळ. नानू, पाय गोधडीत घे, नाहीतर हुडहुड्या धरील. शमे, हुडहुड्या कोण म्हणतेस? तेच तर सांगते.

डोंगराच्या पायथ्याशी एक राजा होता. राज्य केवढं? एवढंसं. सकाळी फेरी मारायला निघाला की सगळं राज्य बघून जेवायला घरी परत. त्या राज्यात हौसा नावाची पोर होती. ती बनेटी खेळायची. बनेटी म्हणजे लांब काठी, तिच्या दोन्ही टोकांना कापडाचे पेटते बोळे. ती अशी गरगर फिरवायची की अंधारात विस्तवाचं चाक दिसायचं. तुम्ही असलं काही करायचं नाही, बरं का. हौसाला तिच्या बापानं शिकवलं होतं. मग आईबाप गेले आणि कोंडाआत्यानं तिला वाढवलं. आता आत्या म्हातारी झाली होती.

एकदा काय झालं, थंडीचा राक्षस आला. हाच तो हुडहुड्या. येऊन डोंगरावर बसला तो बसलाच. त्याच्या फुंकरीनं चुली पेटेनात, नुसत्या धुमसायच्या. दूध तापेना, भाकरी भाजेना. सगळ्यांचे दात वाजायला लागले. कोंडाआत्या तर खोकून खोकून अर्धी झाली. थंडी हटली नाही तर आत्या काही राहत नाही, हे हौसाला दिसत होतं. दुसरं कुणी नव्हतंच हो तिला.

मग राजा हात जोडून डोंगरावर गेला. काय दिलं म्हणजे जाशील, असं विचारलं. हुडहुड्या म्हणाला, मला आजवर कुणी घाम फोडला नाही. जो फोडील त्याचं ऐकीन. तीन संध्याकाळी वाट बघतो, नाहीतर इथंच घर बांधतो. राजा थरथरत खाली आला आणि त्यानं गावाला हे सांगितलं. तेव्हा हौसा म्हणाली, मी बनेटी खेळते.

राजाला कोण आनंद झाला! त्यानं राणीचा रेशमी शालूच काढून दिला. हौसानं त्याचे बोळे केले. पण रेशीम कधी नीट जळतं का? पेटवलं तसं ते आकसलं, काळं पडलं आणि केस जळल्यासारखी घाण सुटली. हुडहुड्यानं नाक धरलं आणि पोट धरधरून हसला.

मग दुसऱ्या दिवशी कोष्ट्यानं मागावरून उतरवलेलं कोरं सुती कापड दिलं. बिचाऱ्यानं मनापासून दिलं. पण कोऱ्या कापडाला खळ असते, ते कडक असतं. तेल आत शिरेचना. भप्पकन पेटलं, दोन गिरक्या झाल्या, हुडहुड्यानं फू केलं आणि गेलं.

हौसा घरी येऊन रडत बसली. बोळ्याला जुनं कापड लागतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ते तेल पितं आणि सावकाश जळतं. हौसाला हे ठाऊक का नव्हतं? होतं की. पण गावातल्या जुन्या कापडाच्या झाल्या होत्या गोधड्या, आणि गोधड्या होत्या माणसांच्या अंगावर. अशा थंडीत मागायच्या कुठल्या तोंडानं?

कोंडाआत्यानं तिच्याकडे बघितलं. मग अंगावरची गोधडी काढली आणि बसली टाके उसवत. तेवढी एकच गोधडी होती घरात. हौसानं तिचा हात धरला. आत्या म्हणाली, "सोड हात. तुझ्या बापाचं मुंडासं आहे यात. त्याला जळायचं कसं ते ठाऊक आहे."

मग निघालं की एकेक. बापाचं मुंडासं, आईचं लुगडं, हौसाचंच दुपटं. हौसानं लांब पट्ट्या फाडल्या. घट्ट घट्ट गुंडाळल्या. वरून बारीक तार आवळली, कारण दोरा जळतो आणि बोळा सुटतो. करडईच्या तेलात बोळे मुरवले आणि पिळून काढले, म्हणजे फिरवताना ठिणग्या उडत नाहीत. मग आत्याला कोष्ट्याच्या उरलेल्या कापडात गुंडाळून समोर बसवलं. बनेटीवर डोकं टेकलं. म्हणाली, "आजवर मला पांघरूण घातलंत. आता आत्याला घाला."

आणि पेटवली. काय सांगू बाळांनो! हुडहुड्यानं फुंकर मारली, तर जाळ वाढला. दुसरी मारली, आणखी वाढला. हौसाचे दंड भरून आले, पण काठी थांबली नाही. हुडहुड्याला राहवेना, तो बघायला खाली वाकला. मग त्याच्या कपाळावर एक थेंब आला. मग नाकावर आला. मग असा घाम फुटला, असा फुटला की तो गळत गळत लहान झाला. "हरलो गं पोरी," म्हणाला, आणि ओढा होऊन शिवारातून वाहत गेला. गव्हाला पाणी मिळालं. हौसानं त्यालाही हात जोडले.

त्याच घटकेला घरोघर चुली भडकल्या. आत्या दूध प्यायली, तिचा खोकला बसला.

सकाळी सगळं गाव दारात उभं राहिलं, राजाराणीसुद्धा. ज्याच्या त्याच्या हातात मऊ जुनं कापड होतं. आत्यासाठी गोधडी शिवायची होती ना. बाया माप घ्यायला लागल्या. आत्या एवढीशी, कितीशी लागणार? पण आत्यानं माप घेऊ दिलं नाही. म्हणाली, "दोघी मावू एवढी शिवा. जळाली ती माझ्या एकटीची नव्हती."

बायांनी मोठ्ठी गोधडी शिवली. आत्या आणि हौसा तिच्यात गाढ झोपल्या. तुमची कुणी शिवली, आहे का ध्यानात? तिला मनात हात जोडा आणि मिटा डोळे.