शह म्हणायचा कोणी?

"आमच्या राजाला कोणी 'शह' म्हणायचं नाही! दरबारची रीत आहे!"

पाचव्या पटावर पांढरी मोहरी मांडता मांडता धुंडिराज सरकार गरजले आणि बोरखडीचा संघ गार पडला.

पैज गावच्या अमराईची होती. सरकारांना ती तोडून शिकारीसाठी बंगला बांधायचा होता. "बुद्धिबळात आमच्या संघाला हरवा, झाडं वाचतील," असे ते बोलून बसले होते. चार पटांपैकी दोन दरबाराने जिंकले, दोन गावाने. गावाने जिंकलेल्या दोन्ही पटांवर सरकारच मागून ओरडले होते, "अरे, उंट हाण, उंट!" आणि उंट होता गावाचा! चांगली चाल दिसली की सरकारांना राहवत नसे.

आता काळी मोहरी घेऊन तेल्याची हौसा बसणार होती.

"सरकार," बापू गुरव काकुळतीला आले, "शह तोंडाने म्हटला नाही तर चाल धरत नाहीत. मग मात व्हायची कशी?"

"ते तुमचं तुम्ही बघा!"

"बापूकाका, बघते मी," हौसा म्हणाली आणि तिने पदर खोचला.

डाव रंगला. सरकारांचा राजा कोपऱ्यात अडकला. हौसाची चाल आली. तिने हत्तीला हात लावल्यासारखे केले, मागे घेतला. प्याद्याकडे बघितले. कपाळ खाजवले. पुन्हा हत्ती!

सरकार चुळबुळू लागले. मिशा पिळून झाल्या, गादी आवळून झाली.

"काही सुचेना बाई," हौसा पुटपुटली.

"अगं, आंधळी आहेस का?" सरकार उसळलेच. "तो घोडा बघ! घोडा इथे आला की शह! आणि मात!"

हौसाने घोडा तिथे ठेवला आणि हात जोडले.

"थांबा!" दिवाणजी ओरडले. "शह पोरीने म्हटलेला नाही! चाल रद्द!"

"मी कशी म्हणेन, दिवाणजी? मला बंदी आहे. सरकारांनी म्हटला. की सरकारांचा शब्द या राज्यात धरत नाहीत?"

सरकारांनी पटाकडे पाहिले, घोड्याकडे पाहिले आणि पोट धरून हसत सुटले.

"अमराई तुमची! आणि पोरी, पुढच्या वर्षी तू आमच्या संघात! पण आमच्या या तोंडाचं काय करशील?"

"पहिल्या पाडाची पाटी पाठवते, सरकार. सामने संपेपर्यंत आंबे चोखत बसायचं!"