ठकूबायचा कबरा

खूप खूप जुनी गोष्ट. डोंगरापल्याड तळेकोंड गावात तेव्हा घरोघरी कबऱ्या कोंबड्या होत्या. कबरी म्हणजे अंगभर काळे-पांढरे आडवे पट्टे. ती कुडणाच्या, म्हणजे काटक्यांच्या कुंपणाच्या, सावलीत उभी राहिली की वरून घारीला दिसायचीच नाही. घार घिरट्या घालून दमायची आणि उपाशी परत जायची, असं म्हणतात.

एका साली मानमोडी आली. कोंबड्या माना टाकून पटापट मेल्या. एकच कबरी उरली, ती ठकूबायच्या अंगणात. ठकूबाय म्हणजे लेकीला एकटीने वाढवलेली, जिभेची तिखट आणि हट्टाची पक्की बाई. तिने दुसऱ्या गावाहून काळा कोंबडा आणला आणि कबरीला अंड्यांवर बसवलं. पिल्लं निघाली ती काळीच, पण काहींच्या डोक्यावर पांढरा टिळा. टिळ्याची पिल्लं वाढली तसे त्यांच्या अंगावर पट्टे उमटले. गाव हरखलं, ठकूबायने घरोघरी पिल्लं वाटली. पण बघतात तर काय, पट्ट्यांचे सगळे कोंबडे! तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, एकजात काळ्या.

आता गावाची रीत कशी? कोंबडी अंड्यांसाठी राखायची, कोंबडा कापायचा. खाण तशी माती, आज ना उद्या लेक आईवर जाईल, म्हणून सगळे काळ्या तलंगा जपत बसले आणि कबरे कोंबडे रश्श्यात गेले. काळ्यांना घार लांबूनच हेरायची. अंगणं ओस पडायला लागली. काळा कोंबडा मुंगसाने नेला. शेवटी म्हातारी कबरीही मेली, आणि मागे तिचा एकच टिळ्याचा लेक राहिला.

नेमका तेव्हाच ठकूबायचा नवा जावई भिकाजी पहिल्यांदा जेवायला आला. पहिल्या जेवणाला जावयाला घरचाच कोंबडा कापायचा, आणि घरात कोंबडा एकच! शेजारणीने कोयताही आणून दिला. ठकूबायने कोंबड्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाय माझे! आईचा रंग लेकीकडं गेलाच न्हाय. तो लेकापाशी हाय. आन् आपन लेकच खात आलो!"

तिने कोंबडा डालग्याखाली झाकला आणि जावयाच्या पानात कुळथाची पिठी वाढली.

भिकाजी पानावरून उठला. "माझ्यापरीस कोंबडा मोठा? मग लेक बी ठेवा तुमच्यापाशीच." तो तडक निघून गेला. लेक वेणू रडून रडून म्हणाली, "आये, कोंबड्यापायी माझा संसार मोडलास!" ठकूबायचं काळीज तुटलं, पण तिने डालगं उचललं नाही. सगळं गाव नावं ठेवायचं, आणि ती कोंबड्याची राखण करत बसायची. एकदा घारीने झडप घातली, तर ठकूबायने तिला केरसुणीने असं हाणलं, की तिची पिसं पावसाळाभर गावावर पडत होती, असं म्हणतात.

मग त्या कबऱ्यापाशी तिने उरलेल्या काळ्या तलंगा सोडल्या. पिल्लं निघाली. पुन्हा काहींना टिळा. ठकूबाय वाट पाहत राहिली. पट्टे आले, तुरे आले, आणि एका सकाळी पट्ट्यांच्या एका पिल्लाने अंडं घातलं. कबरी! ठकूबायने रडणाऱ्या वेणूला ओढून अंगणात फुगडी घातली.

दुसऱ्या दिवशी एक कबरा काखेत घेऊन ती जावयाच्या दारात उभी राहिली. "घ्या जावयबापू, आता कापा. आता मागं हायत."

भिकाजीच्या अंगणात घारीने एकही पिल्लू ठेवलं नव्हतं. त्याने कबऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मामी, ह्यो राहू दे," तो म्हणाला. "मी येतो वेणूला न्यायला. पिठीच करा."

तळेकोंडात आजही जावयाच्या पहिल्या पानात कुळथाची पिठी पडते. लेक सासरी निघाली की तिच्या हातात टिळ्याचा कोंबडा देतात आणि सांगतात, "ठकूबायचा हाय, कापू नको." आणि एखादी नात हुबेहूब बापाच्या आईवर गेली, की म्हातारे हसून म्हणतात, कबऱ्याने आणली.