उसवलेलं घरटं

फार मागं, पाखरं एकमेकांची चाकरी करायची तेव्हाची गोष्ट. शिंदीच्या झाडावर सुगरणी घरटी विणायच्या आणि कावळा त्यांचा मुकादम. संध्याकाळ झाली की तो विणलेलं सगळं उसवायला लावायचा.

टिपी सुगरणीचे अंडी घालायचे दिवस जवळ आले. ती म्हणाली, "मुकादम, घरटं कसं हवं ते तरी सांगा."

"मला कळत असतं तर तुम्हाला कशाला ठेवलं असतं? उसव मुकाट."

टिपीनं उसवलं, पण गवत खाली टाकलं नाही. चोचीत धरून ती विहिरीवरच्या बाभळीवर गेली. मागोमाग एकेक करून बाकीच्याही गेल्या.

पुढं एक होला आला. "मुकादम, सुगरणी कुठायत?"

"आळशी होत्या. काढून टाकल्या."

होल्यानं बाभळीकडं पाहिलं. घरटी झुलत होती, टिपीची पिल्लं चिवचिवत होती.

"बरं केलंत," होला म्हणाला.