पुढच्या रांगेतली हॅट

इंग्लंडातल्या एका समुद्रकाठच्या गावात सिरिल ऑग्डेन नावाचा म्हातारा विनोदवीर दर शनिवारी क्लबात विनोद सांगायला उभा राही. गावचे मेयर पुढच्या रांगेत एकटेच बसत, शेजारच्या खुर्चीवर हॅट ठेवत आणि त्याला भर कार्यक्रमात टोमणे मारत. टोमण्याला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही, तर विनोदवीराचं दुकान बंद, अशी तिथली रीत.

एकदा मेयर गरजले, "काय रे, तुझ्या विनोदांना तुझ्या घरी तरी कोणी हसतं का?"

लोक खदाखदा हसले. सिरिलला आपलं मुकं स्वयंपाकघर आठवलं.

"घरी कोणीच नाही, साहेब. म्हणून तर मी दर शनिवारी इथे येतो," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही कशाला येता?"

मेयरांनी हॅट उचलून मांडीवर घेतली आणि शेजारची खुर्ची मोकळी केली.